टाचण, इयत्ता चौथी

टाचणवहीत रकाने छापलेले: दिनांक, वार, तासिका.
भरतीला वार कळत नाही.
म्हणून कडेला पेन्सिलीनं लिहिलंय: अष्टमी.

अष्टमीला सहाला भरती, बाराला सुकती.
हे सांगितलं जुबेदा होडेकरांनी,
साखरतरच्या खाडीत, गुडघाभर चिखलात,
तिसऱ्यांची पाटी कमरेवर सावरत:
"चांदाची तारीख घ्या, गुरुजी, पाऊणपट करा.
घड्याळ कशाला?"
मी मनात म्हटलं, आठ पाऊण सहा.
अकरा वर्षं मी अपूर्णांक शिकवतोय
फळ्यावर भाकरी काढून.

साहित्य: दोरी, बादली, एक जुनी काठी, खुणा केलेली.
साधनव्यक्ती: होडेकरबाई.
(शिक्षण? रकाना कोराच ठेवलाय.)
खबरदारी: कालवांची धार,
आणि पार्थ भाटकर, जो चिखल दिसला की
आधी बसतो, मग विचारतो.

मूल्यमापन:
पाणी काठीच्या तिसऱ्या खुणेला कधी टेकेल,
प्रत्येकानं आधी लिहून द्यायचं.
तपासणी पाणी करेल.
मी नाही.

केंद्रप्रमुखांची भेटही नेमकी त्याच दिवशी.
त्यांना कळवलंय:
बारा वाजता शाळेला कुलूप असेल.
बूट व्हरांड्यात काढावेत,
आणि खाली यावं.