कोंबडं झाकून

पहिल्यांदा तो आला तेव्हा मी बाष्पस्नानाच्या खोपटात
पाठीवर बर्चच्या डहाळ्या मारून घेत होते, एकटीच.
शनिवार. बाहेर उणे अकरा.
दार वाजलं. "स्तासे, नाचायला चल."
आवाज थेट चेपकेल्याच्या दलदलीतला,
प्रत्येक शब्दामागे एक बुडबुडा.

फटीतून पाहिलं. आखूड जर्मन कोट,
एका पायात बूट, दुसऱ्याला खूर,
नाकाला नाकपुड्याच नाहीत,
आणि टोपी हातात.
टोपी हातात धरून उभ्या राहिलेल्याला
आमच्या गावात एकदम हाकलत नाहीत.

सैतानाचं कसं करायचं ते इथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे.
एका वेळी एकच वस्तू मागायची.
तो आणायला जातो, येतो, पुन्हा जातो,
तेवढ्यात कोंबडा आरवतो
आणि सैतान मुकाट घरी.
मी एकतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसले आहे.
हेलपाटे कसे घालायला लावायचे
हे मला कुणी शिकवायला नको.

"बूट नाहीत," म्हटलं.
आणले. अडतीस नंबर. बरोब्बर.
माझ्या नवऱ्याला, सोडून जाईपर्यंत, तो आठवला नव्हता.
"मोजे?" आणले.
"गाडीला हिवाळी टायर?"
एकेक करत, बर्फातून गडगडवत.
तिसऱ्या टायरला मला डुलकी लागली.
कोंबडा आरवला तेव्हा चौथा दारातच आडवा,
त्याखाली चिठ्ठी: उरलेलं पुढच्या शनिवारी.

मग शनिवार लागले मोजायला.
वाचायचा चष्मा आला. क्रॅनबेरी आल्या, बादलीभर.
प्लंबर मागितला तर आलीतुसचा एक जिवंत प्लंबर
नाइटड्रेससकट खांद्यावर टाकून आणला.
त्याला चहा पाजून सकाळच्या बसने परत धाडला.
बहिणीने बारा वर्षांपूर्वी नेलेली बटाट्याची किसणी आली,
तिची माफीही आली,
पण ती वेगळी खेप धरावी लागली.

शेजारची एल्विरा विचारते, "रात्री कोण असतं गं तुझ्याकडे?"
"प्लंबर."
"दर शनिवारी?"
"नळ जुना आहे."

जुलैत वीज कडाडली.
मेघगर्जनेच्या देवाशी त्याचं जुनं वैर,
हा पळत येऊन शिरला माझ्या वॉशिंग मशीनमध्ये,
शेपूट बाहेर.
मी शेपूट आत सारलं, झाकण लावलं,
आणि वादळ सरेपर्यंत वर बसून राहिले
वाटाणे सोलत.
आतून म्हणाला, "स्तासे, आत्मा देशील का?"
"अर्ज किती पानी?"
"तीन."
"दोन प्रती लागतील."
तो हसला असावा. मशीन बराच वेळ हलत होतं.

डिसेंबरात माझ्या मागण्या संपल्या.
खरंच. कागद घेऊन बसले, पेन्सिल चावली,
काहीच सुचेना.
तो दारात, टोपी पिळत:
"आज काय आणू?"
घाबरला होता बिचारा. मीही.

"वेताची टोपली," म्हटलं. "मोठी."
आणली.
"आता रजई. जाड."
आणली.
मग कंदील घेऊन खुराड्यात गेलो दोघं.

कोणी म्हणेल, कोंबडं झाकलं म्हणून
तांबडं फुटायचं राहत नाही.
फुटू दे की.
त्याला बंदी आरवण्याची आहे, उजेडाची नाही,
आणि नियमाचा अर्थ कसा लावायचा
ते खिडकीतल्या बाईलाच ठरवू द्यावं.
शिवाय इथे या दिवसांत तांबडं साडेआठला फुटतं,
तेही त्याला वाटलं तर.

स्वयंपाकघरातलं टेबल सरकवलं. रेडिओ लावला.
अडतीस नंबरचे बूट घातले.
आणि तो नुसताच उभा.
नाचता येतच नव्हतं त्याला.
इतकी शतकं नाचायला बोलवत हिंडला,
दार कुणी उघडलंच नव्हतं.

"डावा पाय आधी," म्हटलं. "तो नाही. खूर."
टक्. टक्. फरशीला खोक पडली, पडू दे.
टोपलीखालून कोंबडा काहीतरी पुटपुटला.
मी त्याला सांगितलं,
"खिडकी बंद झाली. सोमवारी या."