घर सोडण्याची कारणं

वडिलांचा उजवा हात त्या वर्षी थरथरू लागला होता,
म्हणून गावसभेचे कागद मी लिहायचे.
सही त्यांची, अक्षर माझं.
कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

मे महिना. ऑल्डरफर्डच्या ओढ्यावर अजून गारठा.
चाळीसेक पुरुष प्रार्थनाघरात बाकांवर दाटून बसले,
चिखलाचे बूट, ओल्या लोकरीचा वास,
आणि ठरलं
की इंग्लंडच्या राजाशी आता नातं नाही.
हात वर झाले. म्हातारा जेडेडाया झोपला होता,
त्याचा हात शेजाऱ्याने उचलला.
"हे नीट लिहून वॉटरटाउनला धाडा," म्हणाले,
आणि धारा काढायला घरी गेले.

नीट म्हणजे कसं?
राजाला सोडण्याचा मसुदा
वडिलांच्या पेटीत नव्हता.
गहाणखतं होती, मृत्युपत्रं होती,
कुणाच्या डुकराच्या कानावर कोणती खूण
त्याची नोंद होती.

पाद्र्याने शमुवेलाचा अध्याय सांगून पाठवला :
राजा मागाल तर तो तुमचे मुलगे नेईल,
तुमची गाढवंसुद्धा नेईल.
वकिलाने पुस्तक दिलं, कडा उंदरांनी खाल्लेलं.
राज्य म्हणजे करार, असं त्यात होतं.
असेल.
करार तर पाणचक्कीवाल्याशीही होता आमचा;
त्याने बांध हातभर चढवला
आणि आमचं कुरण तीन उन्हाळे पाण्याखाली राहिलं.
कराराने पोहायला शिकवलं नाही गाईंना.

रात्री मेण संपत आलं तेव्हा
मेहेटाबेल आठवली. माझी बहीण.
तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्रात छापलं होतं :
*माझी बायको माझं अंथरूण, माझं ताट सोडून गेली आहे.
तिला कुणी उधार देऊ नये.*
हिवाळाभर सूत कातून तिने पैसे जमवले
आणि त्याच पानावर उत्तर छापलं :

*त्याने माझ्या आईची तांब्याची किटली विकली.
त्याने थंडीत सरपणाला कुलूप लावलं.
त्याने माझी गाय मला न विचारता दुसऱ्याच्या दावणीला बांधली.
मी वारंवार विनवलं. उत्तर म्हणून हात उचलला गेला.
आता जगाने काय ते ठरवावं.*

गाव हसलं होतं. वडीलही.
मी तो कागद शिवणाच्या टोपलीत जपला होता.

तो शेजारी उलगडून ठेवला आणि लिहू लागले :
त्याने आम्हाला न विचारता कर बसवले.
त्याने आमच्या बंदराला कुलूप लावलं.
आम्ही वारंवार विनवलं.

लेखणी कुठेच अडली नाही.

शाई आमचीच, ओकच्या गाठी
आणि गंजलेले खिळे आंबवून केलेली.
कागद मात्र समुद्रापलीकडचा.
मेणबत्तीपुढे धरला तर आत मुकुट दिसायचा,
पाण्याने उमटलेला,
चाकूने खरवडूनही न जाणारा.
मी त्याच्यावरूनच लिहीत गेले.

"सर्व माणसं जन्मतः मोकळी आहेत" इथवर आले
आणि सरपण टाकायला क्वाको आत आला.
डीकन स्पूनरचा क्वाको. डीकनच्या वहीत
दोन बैल आणि एक घड्याळ यांच्या मधे त्याचं नाव.
त्याने ओलं बोट हवेतच एका शब्दावर थांबवलं.
"हा कोणता?"
"सर्व," मी म्हणाले.
त्याने तो शब्द पुटपुटून पाहिला,
दात दुखतो की नाही ते जिभेने पाहतात तसा.
मग म्हणाला, "कागद उरला तर सांगा."

उरला नव्हता.
मी मेहेटाबेलचा दिला.

सकाळी वडिलांनी सही केली,
तिरकी, मुकुटाच्या मधोमध मोडलेली.
डाकस्वार निघून गेला. ओढा वाहत राहिला
पाणचक्कीवाल्याच्या मर्जीने.

ऑगस्टमध्ये डीकनची जाहिरात आली, त्याच वर्तमानपत्रात :
*पळून गेला आहे. उंच, मितभाषी, अंगात तपकिरी कोट.
धरून आणणाऱ्यास चार डॉलर.
जवळ एखादा लिहिलेला कागद असण्याचा संभव.*