सेगेडमध्ये, गॅस बदलताना

जुना गॅस दुपारपासूनच थकला होता.
विल्मोशनं आकडे वहीत उतरवले, पेन्सिल कानामागे खोचली,
म्हणाला, ह्याच्यात आता दम नाही, काढून टाक.
मी झडप उघडली. पंप घरघरत राहिला.
बाहेर तिसा नदीवर नोव्हेंबरचं धुकं,
पुलावर एकच सायकल, तिचा दिवा बंद.

आधी फ्लोरिन, अगदी थोडा.
मग क्रिप्टॉन. मग वरपर्यंत निऑन.
त्या स्टीलच्या पेटीत काय होतं
हे विल्मोशनंच मला शिकवलं, कॅन्टीनच्या टेबलावर,
मिठाची आणि पाप्रिकाची डबी जवळजवळ ठेवून:
हा क्रिप्टॉन, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
हा फ्लोरिन, दिसेल त्याला धरतो.
एरवी ह्यांचं जमायचं नाही.
पण तीस हजार व्होल्टचा तडाखा बसला
की दोघं बिलगतात, काही अब्जांश सेकंद,
आणि उजेड देतात, आणि देता देताच तुटतात.
डब्या त्यानं लांब सरकवल्या.
म्हणजे संसार मोडल्याचाच उजेड, मी म्हणाले.
तो हसला नाही.
त्याची बायको त्याच महिन्यात देब्रेत्सेनला निघून गेली होती,
हे मला पुढच्या वर्षी कळलं.

आपला स्पंद एवढासा
की तेवढ्या वेळात प्रकाशालाही
एक केस ओलांडून जाणं होत नाही.
जांभळ्याच्या पलीकडचा, डोळ्यांना न दिसणारा.
त्याला एका खेपेत मोठं करता येत नाही;
गॅसमधली शक्ती ओंजळीतलं पाणी, थांबत नाही.
तिरपा सोडायचा, आरशावरून फिरवायचा,
पुन्हा तिरपा, पुन्हा आत,
तेवढ्यात ओंजळ पुन्हा भरलेली असते.

त्रास वेगळाच आहे.
गॅस आपल्या आपण उजळतो, कुणी न बोलावता,
आणि स्पंदाच्या आधी निशाणावर जाऊन उभा राहतो,
गुडघ्याला बाशिंग बांधून.
त्याला गाळायला सुईच्या टोकाएवढं भोक,
आणि त्या भोकासमोर आरसा नेमका हवा.

रात्री साडेअकराला पहिला शॉट.
आईच्या बंद पडलेल्या बटणांच्या दुकानाची कार्डं
माझ्या खिशात असतात, शंभरेक उरलीत.
पाठची कोरी बाजू धरली की निळा ठिपका उमटतो.
उमटला. पण ऑसिलोस्कोपवर
स्पंदाच्या आधी ती टेकडी होतीच.

विल्मोश आरशाच्या स्क्रूकडे गेला, आणि थांबला.
ह्या वर्षी त्याचा हात थरथरतो.
आम्ही दोघंही त्याबद्दल बोलत नाही.
त्यानं माझं मनगट धरून स्क्रूवर ठेवलं.
काट्याचा अर्धा. नाही, त्याहून कमी.
श्वास सोड. आता.

टेकडी बसली.
पूर्ण नाही; पूर्ण कधीच बसत नाही.

त्यानं वहीत वेळ लिहिली, दाब लिहिला,
'जुळवणी' ह्या रकान्यात इतकी वर्षं व्ही. असायचा,
तिथं 'एमोके' लिहिलं, पूर्ण,
आणि फ्लोरिनची झडप बंद आहे ना
हे बघायला दोनदा उठला.
मी कार्ड उलटं केलं.
दुकानाच्या पत्त्यावर, घर क्रमांकाच्या जरा वर,
बारीक तपकिरी डाग.