कानापुढची टेकडी

मिओरी सामेशिमा, वय चार वर्षे दोन महिने.
खालच्या दातांना चिकटवलेले तीन दिवे,
मुगाच्या दाण्याएवढे.
हं, आ कर. आता मीट. आता चाव.
त्या दिवशी कागोशिमात राख पडत होती,
आईने छत्री दारातच झटकली,
आणि माझ्या कागदावर उमटली एक रेघ
आखूड, जवळजवळ आडवी,
चटईवरून कुणी उशी सरकवावी तशी.

तान्ह्या बाळाच्या कानापुढे बोट ठेवून पाहा.
तिथे उखळ नसते अजून. नुसते अंगण.
दूध ओढताना जबडा पुढे जातो, मागे येतो,
त्याला उतरायला काही नसतेच.
टेकडी मागाहून उगवते,
वर्षाला थोडी थोडी,
आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

सातव्या वर्षी आली तेव्हा पुढचे दोन दात गायब.
दिवे लावू कुठे?
"बाजूला लावा की," तीच म्हणाली, शीळ घालत.
सुकवलेला माकुळ चघळायला दिला.
जबडा केवढा लांब भटकून यायचा, डावीकडून!
पडद्यावर बघून विचारलं, "मी गाय आहे का?"
रेघेला मात्र उतार लागला होता.

बाराव्या वर्षी दाढा.
रेघ खोल, निमुळती,
गेली त्याच वाटेने परत.
मी खूश. माझ्या तक्त्यात ती अगदी बसली.

आणि आज चौदा.
केस कापलेले. आईशी बोलत नाही,
आई माझ्याशी बोलते: रात्री दात खाते हो ही.
आ कर, म्हटलं.
उजवीकडे बारीक टक्.
रेघ उतारावर मध्येच थबकली,
पायरी चुकल्यासारखी, मग सुटली.
याला आमच्याकडे नाव आहे. मी ते उच्चारलं नाही.
लिहिलं: उघडताना किंचित अडखळते.

तिने जुना कागद मागितला, चार वर्षांचा.
आजच्यावर ठेवून खिडकीशी धरला.
पलीकडे साकुराजिमा, नेहमीसारखा धुरात.
"अजून वाढेल?"
थोडी.
"हं."

दिवे काढायच्या आधीच तिला जांभई आली,
मोठी, बेशिस्त, डोळ्यांत पाणी आणणारी.
कोपऱ्यात आईला आली. मग मला.
यंत्र चालूच होतं.
रेघ कागदाच्या कडेवरून खाली गेली
आणि तिथून पुढची नोंद
माझ्याकडे नाही.