तोंडात न मावणारा मासा

माझं दुकान वूच शहरात, ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी.
अठरा काचटाक्या, खाली सशांच्या खाद्याची पोती,
आणि दाराची घंटी, जी तीन वर्षं अर्धीच वाजते.

लुडविकाबाई दर सोमवारी येतात.
हातात काकडीच्या लोणच्याची धुतलेली बरणी,
झाकणाला खिळ्याने पाडलेली भोकं.
"सात निऑन. मागच्यासारखेच."

मागचे सात कुठे गेले, हे मी विचारत नाही.
एकदा विचारलं होतं.
"घरात कासव आहे," त्या म्हणाल्या,
जसं कुणी म्हणावं, घरात पाहुणे आहेत.
नातू ग्रात्सियान आयर्लंडला कामाला गेला,
मागे ठेवून गेला एक सायकल, बुटांचे दोन जोड
आणि लाल कानांचं हे कासव.
"नाण्याएवढं होतं हो.
आता बशीखाली झाकलं जात नाही."

मी माझ्या परीने सांगून पाहिलं.
कासव आणि मासे एका पाण्यात नांदत नाहीत, बाई.
दिवसभर दगडावर पेंगतं, म्हणून फसू नका,
रात्री त्याची मान गोफणीसारखी सुटते.
पाणी घाण करतं ते वेगळंच.
ठेवायचेच असतील तर चपळ ठेवा, स्वस्त ठेवा,
आणि मोजत बसू नका.

त्या मोजतात.
"मंगळवारी सहा. बुधवारी सहा.
गुरुवारी खिडकीत ऊन आलं, तो शेकत पडला, सहाच.
रविवारी चर्चमधून आले तर एक."
तो एक पंपामागे दडून बसलेला.
पंपामागचा तो नेहमी तोच असतो, असं त्यांचं म्हणणं.

"मग नेता कशाला?"
त्यांनी बरणीचं झाकण नीट फिरवलं.
"तेओफिल गेल्यापासून घरात काही हलत नाही.
टीव्ही हलतो. पण तो सगळ्यांकडेच हलतो."

डिसेंबरात आमच्या गावात घरोघरी कार्प येतो,
नाताळच्या ताटासाठी, जिवंत, बाथटबमध्ये.
दोन दिवस घर पारोसं राहतं,
पोरं माशाला नाव देतात,
तिसऱ्या दिवशी बाप लाकडी हातोडी काढतो.
एक्केचाळीस नाताळ ती तेओफिलने काढली.
यंदा लुडविकाबाई सवयीने रांगेत उभ्या राहिल्या,
सवयीने अडीच किलोंचा घेतला,
जिने चढून घरी आल्या, आणि सवय तिथेच संपली.
हातोडीचा खण उघडून
त्यांनी परत लावून टाकला.

हे मला नंतर कळलं.
दोन सोमवार त्या फिरकल्या नाहीत
आणि मला वाटू नये ते वाटू लागलं.
तीन राजांच्या सणादुसऱ्या दिवशी
सात निऑन पिशवीत घालून, पिशवी कोटाच्या आत धरून
मी चार मजले चढलो.

टबात कार्प.
टबभर कार्प, वळायचं तर तीन हप्त्यांत वळणारा.
आणि त्याच्या शेजारी कासव,
मान पूर्ण बाहेर काढून माप घेत असलेलं.
इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, हिशेब बसेना.
मग त्याने मान आत घेतली, पाय पोटाशी घेतले
आणि माशाच्या सावलीत बुडून राहिलं.

"तुम्हीच म्हणाला होता," लुडविकाबाई म्हणाल्या,
"तोंडात मावेल तो मासा ठेवू नका."
मी असं कधी म्हणालो नव्हतो. म्हणायला हवं होतं.

"आणि तुमची अंघोळ?"
"समोरच्या वाल्देमाराबाईंकडे, मंगळवारी, शनिवारी.
त्या बदल्यात मासा बघायला येतात."

खोलीतल्या टाकीत पंपामागचा तो
आता मधोमध पोहत होता, जरा संशयानेच.
माझे सात मी त्यात सोडले.
बाईंनी मोजले. आठ.
चष्मा पुसून पुन्हा मोजले.

कार्पचं पुढे काय करायचं, हे कुणीच काढलं नाही.
खसखशीचा केक होता, जरा वाळलेला. चहा होता.
सोमवारचं एक गिऱ्हाईक गेलं, एवढं मी मनात मांडलं.

तेवढ्यात न्हाणीतून धप्पकन पाणी उसळलं.
बाई कप ओठाशी धरून थांबल्या.
"हलतोय," म्हणाल्या.