पोच

दाल्काउएच्या धक्क्यामागे, खांबांवर उभ्या घरात
एलादियो बार्रिया कप उचलतो आहे.
अजून उचललेला नाही.
आधी बघतो: कप कुठे, हात कुठे,
मध्ये किती टेबल.
मग बोटांना एकेक करून उठवतो,
शाळेच्या दिवशी पोरांना उठवावं तसं.

तीन हिवाळ्यांपूर्वी आठ दिवस ताप होता.
उतरला तेव्हा सगळं जागच्या जागी ठेवून गेला,
बळ, घट्टे, दंडावरचा जुना वण.
तेवढी पोच घेऊन गेला.

कास्त्रोच्या डॉक्टरीणबाईंनी औषधाच्या खोक्यावर चित्र काढलं:
वरून हुकूम सुटतो, खाली स्नायू पाळतो,
आणि खालून लागलीच उत्तर यायला हवं,
इतका वाकलो, इथवर आलो, थांबू का?
तुमचं जाणारं टपाल चालू आहे. येणारं बंद.
तो म्हणाला, म्हणजे नाव गेली आणि परतलीच नाही.
बाई म्हणाल्या, नाव पोचते हो,
किनाऱ्यावर कुणी कळवत नाही.

एकसष्ट नावा बांधल्या त्यानं, एकीचंही माप कागदावर नाही.
वाकस फळीवर पडायच्या आधीच
मनगटाला ठाऊक असायचं, लाकूड किती सुटणार.
कवटीच्या मागे, मानेच्या जरा वर
एक मुका मुकादम बसायचा.
प्रत्येक हुकमाची नक्कल आधी त्याच्याकडे,
चूक घडायच्या आत तो ती पुसायचा
आणि जन्मात कधी मजुरी मागायला आला नाही.
आता ते सगळं डोळ्यांवर पडलंय.
शिंक आली तरी कप कलंडतो.

जुलैत वारा सुटला, तार तुटली, दिवा गेला
आणि चुलीपासून टेबलाकडे निघालेला एलादियो
दोरीवरून सुटलेल्या ओल्या सदऱ्यासारखा खाली आला.
लागलं ते कळलं. कुठे, ते नाही.
अंधारात त्याला गुडघे नव्हते, कोपर नव्हतं.
फळ्यांखाली भरती चढत होती, ती ऐकू येत होती.
ऊब आणि गारठा मात्र तापानं नेले नव्हते:
एका अंगाला ऊब. म्हणजे चूल तिकडे.
"ओर्फेलिना, मी कसा पडलोय?"

मेणबत्ती ड्रॉवरमध्ये होती.
तिनं ड्रॉवर उघडला नाही, येऊन जमिनीवर बसली,
चाचपून सांगू लागली:
डावा हात बटाट्याच्या पोत्यावर.
उजवा तुझ्याच पोटाखाली, तो काढते.
पाय एकावर एक, खुर्चीत बसलेल्या पाद्र्यासारखे.
तो हसला. हसायला नकाशा लागत नाही.

मग म्हणाला, उजवा पाठवतो. तू सांग.
बराच वेळ काहीच नाही. मग,
"आला. उचललास. जरा माझ्याकडे.
फार नको रे, खिडकी फोडशील.
खाली. अजून. हां, थांब.
हा माझा कान आहे."

"गार पडलाय," तो म्हणाला.