वारो पडलो

शोरूममधला पोरगा म्हणाला,
"मॅडम, चार्जिंगचं टेन्शनच नाही."
मी पतपेढीत नोकरी करते.
टेन्शन नाही असं कुणी म्हटलं
की आधी व्याजाचा दर विचारते.

त्या रात्री वहीत दोन रकाने पाडले.
वाचणारं पेट्रोल डावीकडे.
उजवीकडे: साध्या गाडीपेक्षा पावणेतीन लाख जास्त,
सर्व्हिसिंगला फोंडा घाट चढून कोल्हापूर,
कारण कणकवलीचा सुहास त्या नारिंगी वायरींना
साप दिसल्यासारखे लांबूनच हात जोडतो.
फरक फिटायला सात वर्षं.
मामा म्हणाला, "दोन डगरींवर पाय ठेवणारा
मधल्या पाण्यात जातो.
घे तर पेट्रोलची घे, नाहीतर सरळ विजेची."
तरी घेतली.
का, ते वहीत लिहिलेलं नाही.

बाबा देवगडच्या धक्क्यावरचे मिस्त्री.
एकेचाळीस वर्षं होड्यांची इंजिनं
कानाने तपासली. पाना नंतर.
कुठल्या सिलिंडरला खोकला झालाय
ते चहा पिता पिता सांगायचे, पाठ न वळवता.
गाडी अंगणात आली, मी बटण दाबलं,
ते बॉनेटला कान लावून उभे.
"बंद पडली काय गो?"
"नाय ओ बाबा, चालू आसा."
"चालू आसा तर आवाज खंय?"
मग चाकापुढे नारळ वाढवला.
तो तेवढा वाजला.

शांत गाडी म्हणजे काय
ते महिन्याभरात कळलं.
कोंबड्या हलत नाहीत.
मिठमुंबरीच्या वळणावर सुकट पसरणाऱ्या
रत्नप्रभा धुरतांना मी मागे येऊन थांबले
तरी पत्ता लागला नाही,
लागला तेव्हा माझ्या सात पिढ्यांना लागला.
डिकीत बॅटरी ठाण मांडून बसलेली,
आंब्याच्या दोन पेट्या मावतात,
तिसरी मागच्या सीटवर, पट्टा लावून,
मुंबईहून आलेल्या पाहुणीसारखी.
श्रावणात उंदराने वायर कुरतडली. अठरा हजार.
हमीपत्र तीनदा वाचलं.
त्यात उंदीर येत नाही.
बॅटरीच गेली तर किती,
हे मी अजून विचारलेलं नाही.

पण वादळात लाइट गेली ती चार दिवस,
शेजारच्या प्रसन्नाची विजेची स्कूटर
ओटीवर प्लास्टिक पांघरून बसली,
तेव्हा आडकरांच्या सुनेला रात्री दोन वाजता
कणकवलीला मी नेलं.
मुलगी झाली.
टाकीचा काटा जेमतेम हलला होता.
हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

कोल्हापूरहून येताना घाटात
बाबा पडद्यावरचे बाण बघत होते.
ब्रेक दाबला की बाण उलटे फिरायचे,
बॅटरी थोडी थोडी भरायची.
एक वळण, दुसरं वळण, काही बोलले नाहीत.
खाली फोंड्याच्या बाजाराशी आल्यावर म्हणाले,
"आमच्या मचव्याक मशीन होतां,
नि शीड पण होतां.
मतलई सुटली काय मशीन बंद.
डिझेल परवडाक नको?"
"मग?"
"मग काय. ह्यो मचवोच गो चेडवा."
आणि खिडकीला डोकं टेकून झोपले,
इतकी वर्षं इंजिनाच्या आवाजाशिवाय
ज्यांना झोप लागत नसे, ते.

आता कुणकेश्वरच्या रस्त्याला
ते एसी बंद करायला लावतात, काचा खाली.
गाडी विजेवर असते तोवर बोलायचं नाही.
मग चढ लागतो,
पुढे इंजिन गुरगुरत जागं होतं,
आणि बाबा लगेच,
"वारो पडलो."

परवा एकटीच होते.
तारामुंबरीचा पूल ओलांडून चढाला लागले,
इंजिन सुरू झालं.
गाडीत ऐकायला कुणी नव्हतं.
तरी म्हटलं मी ते, मोठ्याने.
अजून छत्तीस हप्ते आहेत.